काळ्या कापडावर उजेड छापताना: ‘डेड मेन डोन्ट वेअर प्लेड’साठी घरच्या घरी टी-शर्ट

एखाद्या आवडत्या चित्रपटाचा टी-शर्ट हवा असला, तर पोस्टरचे चित्र उतरवून घ्यायचे आणि छपाईवाल्याकडे द्यायचे, ही रूढ वाट आहे. कार्ल रायनर यांच्या 1982 सालच्या ‘डेड मेन डोन्ट वेअर प्लेड’ या चित्रपटाच्या बाबतीत मात्र ही वाट मला फार उणी वाटते. हा चित्रपट चाळिशीच्या दशकातल्या अमेरिकी गुन्हेपटांचे, म्हणजे ज्यांना पुढे ‘फिल्म न्वार’ हे नाव मिळाले त्या कृष्णधवल चित्रपटांचे, विडंबन करतो. पण ते विडंबन इतक्या निष्ठेने केलेले आहे की त्याच्या सन्मानार्थ केलेल्या वस्तूतही तीच निष्ठा उतरायला हवी. या लेखात असा एक टी-शर्ट स्वतःच्या हाताने कसा आखावा आणि कसा छापावा, हे मी माझ्या अनुभवावरून सविस्तर सांगणार आहे. लागणारे साहित्य साधे आहे, रंग एकच आहे, आणि काम दोन सुट्ट्यांच्या दिवसांत होते.

आधी चित्रपटाविषयी, कारण चित्राचा सगळा आराखडा तिथूनच निघतो. स्टीव्ह मार्टिन यांनी साकारलेला रिग्बी रिअर्डन हा खासगी गुप्तहेर आहे आणि रेचल वॉर्ड यांनी साकारलेली ज्युलिएट फॉरेस्ट आपल्या शास्त्रज्ञ वडिलांच्या मृत्यूचा छडा लावण्यासाठी त्याच्याकडे येते. वडील शास्त्रज्ञ होते तसेच चीज बनवण्यातही निष्णात होते, ही बाब कथेत पुढे भलतीच महत्त्वाची ठरते. या तपासात रिग्बीला जी माणसे भेटतात, त्यांतली कितीतरी जुन्या चित्रपटांतून थेट उचललेली आहेत. एकूण 19 जुन्या चित्रपटांतील तुकडे नव्या चित्रीकरणात असे गुंफले आहेत की रिग्बी फोनवर त्या काळच्या अभिनेत्री बार्बरा स्टॅनविक यांच्याशी बोलतो, बर्ट लँकेस्टर यांच्यासाठी कॉफी करतो आणि हम्फ्री बोगार्ट यांनी साकारलेल्या मार्लो या गुप्तहेराला आपला मदतनीस म्हणून राबवतो. बोगार्ट यांच्या त्या दृश्यांत गळ्यात टाय नाही, म्हणून मार्लो टाय लावत नाही यावरून रिग्बी त्याला बोलत राहतो. जुन्या तुकड्यातली अडचण लपवण्याऐवजी तिचाच विनोद करायचा, ही या चित्रपटाची रीत आहे.

हे जमले ते प्रकाशामुळे आणि कपड्यांमुळे. छायालेखक मायकेल चॅपमन यांनी नव्या दृश्यांतला उजेड जुन्या तुकड्यांतल्या उजेडाशी जुळवला. तो ज्या बाजूने येतो, जितका कठोर आहे आणि जितकी काळी सावली टाकतो, ते सगळे त्यांनी नव्याने उभे केले. वेशभूषा ईडिथ हेड यांची होती. चाळिशीच्या दशकात ‘डबल इन्डेम्निटी’ आणि ‘नटोरियस’ या चित्रपटांचे कपडे त्यांनीच केले होते आणि या दोन्ही चित्रपटांतले तुकडे इथे वापरलेले आहेत, म्हणजे जवळजवळ चार दशकांनंतर त्या स्वतःच्याच कामाशी जुळणारे कपडे शिवून घेत होत्या. ऑक्टोबर 1981 मध्ये त्यांचे निधन झाले; हा त्यांचा अखेरचा चित्रपट, आणि तो त्यांच्याच स्मृतीला अर्पण केलेला आहे. संगीतकार मिक्लोश रोझा यांचीही गोष्ट तशीच आहे: ‘डबल इन्डेम्निटी’चे आणि ‘द किलर्स’चे संगीत त्यांचेच होते. ज्यांनी मूळ वस्तू घडवली त्याच हातांनी तिचे विडंबन घडवले, आणि म्हणून त्यात थट्टा असली तरी उपहास नाही. टी-शर्ट करताना मी हीच गोष्ट धरून बसलो आहे: तो लांबून पाहणाऱ्याला चाळिशीच्या दशकातले गंभीर चित्र वाटावा, आणि चित्रपट पाहिलेल्या माणसालाच जवळून त्यातली गंमत कळावी.

चित्र कशाचे काढावे

नटांचे चेहरे, पोस्टर किंवा चित्रपटातली एखादी चौकट वापरू नये, असे मी स्पष्ट सांगतो. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचे हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतात, त्यामुळे 1982 सालच्या या चित्रपटाचे हक्क अजून शाबूत आहेत. अमेरिकेत तर ही मुदत 95 वर्षांची आहे. स्वतःच्या अंगावर घालण्यासाठी एक शर्ट करणे आणि असे शर्ट विकणे यांत मोठा फरक आहे, आणि हा लेख पहिल्या कामासाठीच आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी स्वतः काढलेले चित्र अधिक चांगले होते, कारण ते एका रंगाच्या छपाईसाठी पहिल्यापासून आखता येते.

चित्रपटात चित्राला साजेशा खुणा पुष्कळ आहेत. रिग्बीची कॉफी आहे, जिच्यात तो भुकटी ओततो ती ओततच राहतो. खांद्यात घुसलेली गोळी ज्युलिएट साप चावल्यावर विष शोषावे तशी तोंडाने काढते. ‘फ्रेंड्स ऑफ कार्लोटा’ आणि ‘एनिमीज ऑफ कार्लोटा’ या नावांच्या दोन याद्या आहेत. चीज तर आहेच. यांतले सगळे एका शर्टावर कोंबण्याचा मोह टाळावा. मी मुख्य चित्रासाठी शीर्षकातला ‘प्लेड’ हा शब्द निवडला, कारण तो कापडाविषयीचा शब्द आहे आणि आपण कापडावरच छापत आहोत. शीर्षकाचा अर्थ चित्रपट आपल्याला उलगडून देत नाही; पण कृष्णधवल जगात प्लेड कसे दिसेल, या प्रश्नाचे उत्तर मात्र चित्रातून देता येते.

त्यासाठी प्लेड म्हणजे काय हे नेमके समजून घ्यावे. आपण सरसकट ‘चेक्स’ किंवा ‘चौकड्या’ म्हणतो, पण सारख्या मापाच्या चौकोनांचे कापड म्हणजे प्लेड नव्हे. प्लेडमध्ये वेगवेगळ्या रुंदीचे पट्टे एका ठरावीक क्रमाने येतात, तोच क्रम उभ्या ताण्यात आणि आडव्या बाण्यात असतो, आणि दोन्ही एकमेकांना काटकोनात छेदतात. मद्रास चेक्स त्याला जवळचे आहेत. स्कॉटलंडच्या लोकरी प्लेडची वीण बहुधा ट्विल असते, म्हणजे जीन्सच्या कापडावर दिसतात तशा तिरक्या रेघा तिच्यात दिसतात. समजा पट्टे काळे आणि पांढरे असे दोनच रंगांचे आहेत. मग जिथे पांढरा पट्टा पांढऱ्याला छेदतो तिथे कापड पूर्ण पांढरे दिसते, काळा काळ्याला छेदतो तिथे पूर्ण काळे, आणि पांढरा काळ्याला छेदतो तिथे निम्मे धागे पांढरे व निम्मे काळे असल्याने तिरक्या रेघांचा करडा रंग दिसतो. दोन रंगांतून तीन छटा मिळतात. एका रंगाच्या छपाईला याहून सोयीची गोष्ट नाही: करड्या छटेसाठी वेगळी शाई लागत नाही की बारीक ठिपक्यांची हाफटोन जाळीही लागत नाही, तिरक्या रेघा मारल्या की काम झाले.

आता हे प्लेड कुणाच्या अंगावर दाखवायचे नाही. न्वार चित्रपटांची सर्वांत ओळखीची खूण म्हणजे खिडकीच्या ब्लाइंडमधून भिंतीवर पडणाऱ्या उजेडाच्या आडव्या पट्ट्या. त्या आडव्या पट्ट्यांना उभ्या पट्ट्यांनी छेदले की भिंतीवर प्लेड उमटते. म्हणून माझ्या चित्रात गुप्तहेराची रिकामी खुर्ची आहे, तिच्या पाठीवर टांगलेली हॅट आहे, आणि मागच्या भिंतीवर दोन खिडक्यांचा उजेड एकमेकांना छेदून प्लेड झाला आहे. खुर्चीत माणूस नाही. शीर्षकातला मृत माणूस तो, असे ज्याला समजायचे त्याने समजावे. चित्र पाहताना प्रथम नुसती न्वारची खोली दिसते, आणि मग भिंतीकडे नीट पाहिले की चौकड्या लक्षात येतात.

हे चित्र मनाने काढण्यापेक्षा एक संदर्भछायाचित्र घेणे उत्तम. खोलीत अंधार करावा, एक लाकडी खुर्ची भिंतीपासून अर्धा मीटर पुढे ठेवावी, आणि जाड पुठ्ठ्यात आडव्या फटी कापून ते ब्लाइंड म्हणून वापरावे. सावलीची कड धारदार हवी असेल तर उजेडाचा उगम लहान आणि दूर असावा लागतो. ट्यूबलाइट लांबट असल्याने तिच्या सावल्या मऊ पडतात, पण दोन मीटर अंतरावरून मारलेला मोबाइलचा टॉर्च सुरीने कापल्यासारखी कड देतो. पुठ्ठा दिव्यापेक्षा भिंतीला जवळ धरावा. आडव्या फटींचे एक छायाचित्र घ्यावे, मग खुर्ची आणि कॅमेरा न हलवता उभ्या फटींचे दुसरे घ्यावे, आणि दोन्ही संगणकावर एकावर एक ठेवून पाहावीत. हॅटची आणि खुर्चीची सावली मात्र दोहोंपैकी एकाच छायाचित्रातून घ्यावी. चॅपमन यांनी प्रत्येक जुन्या तुकड्यातला दिवा कुठे होता हे ओळखून नवा दिवा तिथे ठेवला होता. आपल्या चित्रातही मुख्य सावल्या एकाच दिव्याच्या असल्या तरच खोली खरी वाटते.

चित्र इंकस्केपसारख्या मोफत प्रणालीत रेघांच्या रूपात गिरवावे. मोठ्या मापाच्या शर्टासाठी छपाईची रुंदी 28 सेंटिमीटरच्या आसपास ठेवावी, म्हणजे ती ए-3 कागदात बसते. भिंतीवरच्या पट्ट्यांना मी 12, 3, 6 आणि 3 मिलिमीटर असा क्रम दिला आणि त्यांच्यामध्ये काळे अंतर वेगवेगळे ठेवले; उभ्या दिशेलाही हाच क्रम ठेवला. तिरक्या रेघा 45 अंशांच्या काढाव्यात. रेघेची जाडी आणि दोन रेघांमधली फट ही दोन्ही निदान 0.8 मिलिमीटर असावीत, कारण टी-शर्टाच्या सुती जर्सी कापडावर शाई थोडी पसरते आणि याहून बारीक फटी बुजून जातात. विणलेल्या जर्सीच्या उभ्या ओळी असतात, त्यांच्याशी 45 अंशांची रेघ भांडत नाही, हाही तिचा एक फायदा आहे.

अक्षरे

शीर्षक देवनागरीत लिहावे, असा माझा आग्रह आहे. ‘डेड मेन डोन्ट वेअर प्लेड’ हे नाव रोमन लिपीत सगळीकडेच दिसते. देवनागरीत ते आपले होते, आणि देवनागरीजवळ या चित्रासाठी एक अशी गोष्ट आहे जी रोमन लिपीजवळ नाही, ती म्हणजे शिरोरेषा. ब्लाइंडमधून येणारी उजेडाची आडवी पट्टी हीच शिरोरेषा करावी आणि अक्षरे तिला लटकलेली दाखवावीत. भिंतीवरच्या पट्ट्यांपैकी खालून दुसरी 6 मिलिमीटरची पट्टी मी शिरोरेषेसाठी घेतली आणि तिच्याखालच्या काळ्या भागात अक्षरे सोडली. शब्दांमध्ये शिरोरेषा तोडली नाही तरी चालते, कारण ती मुळात उजेडाची पट्टी आहे. पण शब्दांतले अंतर नेहमीपेक्षा थोडे जास्त ठेवावे, नाहीतर ‘मेन डोन्ट’ एकच शब्द वाटतो. मात्रा आणि रफार शिरोरेषेच्या वर जातात, त्यांच्यासाठी वरच्या पट्टीपर्यंत पुरेशी काळी जागा राखावी. या शीर्षकात मात्रांची गर्दी आहे, म्हणून हे आधी कागदावर हाताने लिहून पाहिलेले बरे.

अक्षरांच्या वळणासाठी संगणकावरचा तयार टंक घेण्याऐवजी जुन्या मराठी रहस्यकथांची मुखपृष्ठे समोर ठेवावीत. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि झुंजार व काळा पहाड ही त्यांची पात्रे ज्या पिढीने रात्री जागून वाचली, त्या पिढीच्या डोळ्यांत त्या मुखपृष्ठांवरची जाड, तिरपी, सावली टाकणारी हातची अक्षरे अजून आहेत. रिग्बी रिअर्डनच्या जगाशी त्या अक्षरांचा संबंध नाही, हे खरे. पण हॉलिवूडच्या गुन्हेपटांच्या शीर्षकांना जो हातच्या अक्षरांचा जोम होता, तोच मराठीत कुठे सापडेल असे विचारले तर मी तिकडेच बोट दाखवीन. त्या मुखपृष्ठांची नक्कल करू नये. फक्त उभ्या रेघा किती जाड होत्या, वेलांटी कशी ओढली होती आणि कोपरे किती टोकदार होते, एवढे नीट पाहावे.

शीर्षकाचे मराठी भाषांतर छापावे का, असे मला दोघांनी विचारले. ‘मेलेली माणसे चौकडी घालत नाहीत’ हे वाक्य अर्थाने जवळ असले तरी ते छापू नये, असे माझे मत आहे. मूळ नावाचा कोरडा, फटक्यात बोललेला ठेका भाषांतरात हरवतो. त्याऐवजी मागच्या बाजूला, कॉलरच्या खाली दोन बोटे अंतरावर, लहान अक्षरांत ‘फ्रेंड्स ऑफ कार्लोटा’ एवढेच लिहावे. हा चित्रपट पाहिलेला माणूस रेल्वेच्या रांगेत तुमच्या मागे उभा असेल, तर तो नक्की बोलेल.

शर्ट कोणता घ्यावा

शर्ट काळा, शंभर टक्के सुती आणि साधारण 180 जीएसएमचा घ्यावा. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. 150च्या आसपासचे कापड पातळ असल्याने शाई आत झिरपते आणि धुतल्यावर छपाईभोवती कापड आक्रसते. तिरुप्पूरच्या गिरण्यांतून येणारे ‘कोम्ब्ड’ आणि ‘बायोवॉश’ केलेले शर्ट बहुतेक घाऊक दुकानांत मिळतात. बायोवॉशमुळे पृष्ठभागावरची लव निघून गेलेली असते, आणि पांढऱ्या शाईतून काळी लव डोकावत नाही. छापण्यापूर्वी शर्ट एकदा साध्या पाण्यात धुऊन, सुकवून, इस्त्री करून घ्यावा.

पॉलिएस्टर मिसळलेले कापड घेऊ नये. पॉलिएस्टरचा रंग उष्णतेने वाफ होऊन वरच्या पांढऱ्या शाईत चढतो. मी एका विक्रेत्याकडून सुती म्हणून घेतलेल्या शर्टात निम्मे पॉलिएस्टर निघाले, आणि इस्त्रीनंतर दुसऱ्या दिवशी माझे सगळे प्लेड गुलाबीसर झाले होते. तेव्हापासून मी शिवणीतून एक धागा काढून जाळून पाहतो: सूत कागदासारखे जळून मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. धागा चिमट्यात धरूनच हे करावे.

पॉझिटिव्ह: जिथे नवखा माणूस हमखास चुकतो

या एका पायरीवर थोडे थांबावे. पांढऱ्या कागदावर आपण सावली छापतो, कारण उजेड कागदाजवळ आधीच असतो. काळ्या शर्टावर हे सगळे उलटते. अंधार कापडाजवळ आहे. छापायचा तो फक्त उजेड. न्वारचे छायालेखकही याच क्रमाने काम करत, खोली पूर्ण काळी आहे असे धरून एकेक दिवा लावत. म्हणून हा प्रकार काळ्या शर्टाला जन्मतःच शोभतो, आणि म्हणून एका रंगात तो पुरेसा होतो.

स्क्रीनवर, म्हणजे ज्या ताणलेल्या जाळीतून शाई कापडावर उतरते तिच्यावर, चित्र उतरवण्यासाठी जी पारदर्शक फिल्म किंवा बटर पेपर लागतो, त्याला छपाईवाले पॉझिटिव्ह म्हणतात. पॉझिटिव्हवर जे काळे असते तिथून शाई उतरते. याचा अर्थ असा की शर्टावर जे उजळ दिसायला हवे ते पॉझिटिव्हवर काळे असायला हवे. उजेडाच्या पट्ट्या काळ्या, हॅटची उजळलेली कड काळी, आणि अंधारी भिंत कोरी. म्हणजे संगणकावरच्या चित्राचा उलटा, निगेटिव्ह प्रकार छापून घ्यायचा. पहिल्या खेपेला मी छायाचित्र तसेच दिले आणि शर्टावर पांढरी हॅट, पांढऱ्या सावल्या आणि काळा उजेड असे एक्स-रेसारखे चित्र उमटले. पॉझिटिव्ह हातात आल्यावर ‘इथे शाई पडेल का’ असे प्रत्येक काळ्या भागाला बोट लावून विचारावे. दोन मिनिटे लागतात आणि एक शर्ट वाचतो.

झेरॉक्सच्या दुकानातून लेसर प्रिंटरवर ए-3 पारदर्शक शीटवर छापून घ्यावे. काळा भाग दिव्यासमोर धरून पाहावा; उजेड आरपार येत असेल तर दोन प्रती काटेकोर एकावर एक चिकटवाव्यात.

स्क्रीन

लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम चित्रापेक्षा प्रत्येक बाजूने निदान 10 सेंटिमीटर मोठी असावी. काळ्यावर पांढरी शाई दाट बसायला हवी, म्हणून जाळी फार बारीक नको. इंचाला 110 ते 120 धाग्यांची, म्हणजे सेंटिमीटरला 43 ते 47 धाग्यांची मेश योग्य ठरते. स्क्रीनचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत जाळी ताणून बसवलेली फ्रेम मिळते. पहिल्यांदा तीच घ्यावी, कारण सैल जाळीवर सरळ पट्टेही वाकडे छापले जातात आणि प्लेडमध्ये वाकडेपणा लगेच डोळ्यांत भरतो.

जाळी भांडी घासण्याच्या साबणाने धुऊन तेलकटपणा काढावा आणि सुकवावी. फोटो इमल्शन, म्हणजे जाळीवर लावायचा उजेडाने कडक होणारा द्रव, घेताना डायझो प्रकारचे किंवा सेन्सिटायझर आधीच मिसळलेले घ्यावे. बायक्रोमेट टाकून वापरायचे इमल्शन अजून बाजारात स्वस्तात मिळते, पण बायक्रोमेट विषारी आहे, त्वचेला आणि फुप्फुसांना घातक आहे आणि ते मोरीतून वाहू देणे अजिबात बरोबर नाही. घरात ते आणूच नये. पिवळ्या मंद दिव्यात जाळीच्या दोन्ही बाजूंना इमल्शनचा पातळ, एकसारखा थर द्यावा, छपाईची बाजू खाली करून फ्रेम आडवी ठेवावी आणि पंख्याच्या वाऱ्यावर अंधारात पूर्ण सुकू द्यावी. पावसाळ्यात याला दुप्पट वेळ लागतो, आणि अर्धवट ओले इमल्शन धुताना सगळेच निघून जाते.

सुकल्यावर पॉझिटिव्हची टोनर लागलेली बाजू छपाईच्या बाजूला टेकवावी, वर स्वच्छ काच ठेवावी आणि उजेड द्यावा. टोनर असा टेकवला की स्क्विजीच्या, म्हणजे शाई ओढण्याच्या रबरी पट्टीच्या, बाजूने पाहताना अक्षरे सुलटी वाचता येतात. तसे वाचता येत नसेल तर पॉझिटिव्ह उलटे लागले आहे. उजेड किती वेळ द्यायचा हे दिवा, अंतर आणि इमल्शन यांवर ठरते, म्हणून आधी कोपऱ्यात एक पट्टी करून पाहावी: पुठ्ठ्याने झाकत झाकत एकाच पट्टीवर पाच वेगवेगळे वेळ द्यावेत, धुवावे आणि ज्या भागात तिरक्या रेघा स्वच्छ उघडल्या पण कडा घसरल्या नाहीत तो वेळ घ्यावा. उजेडाने इमल्शन कडक होते. काळ्याखालचे मऊ राहते आणि गार पाण्याच्या फवाऱ्याने निघून जाते. खिडकीसमोर फ्रेम धरून प्रत्येक तिरकी रेघ उघडली आहे ना हे पाहावे. मग सुकवून, कडांना आणि बारीक छिद्रांना टेप लावावी.

छपाई

घरी करताना पाण्यावरची पांढरी शाई वापरावी. बाजारात ती ‘रबर पेस्ट’ म्हणून मिळते आणि तिच्यात डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात फिक्सर घालायचा असतो. प्लास्टिसोल या प्लास्टिकयुक्त शाईची छपाई अधिक सोपी आणि अधिक ठळक होते हे खरे, पण तिचा सगळा थर सुमारे 160 अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय ती पक्की होत नाही आणि घरच्या इस्त्रीने त्याची खात्री देता येत नाही. डिस्चार्ज नावाची एक पद्धत आहे, जिच्यात काळा रंगच रसायनाने उडवला जातो आणि छपाई हाताला लागतसुद्धा नाही. काळ्यातून किंचित मातकट उजेड उमटतो, जुन्या फिल्मसारखा, आणि या चित्राला तो मला फार आवडतो. परंतु त्यातून वाफा निघतात, तेव्हा ते काम हवेशीर कारखान्यातच करून घ्यावे.

शर्टाच्या आत सपाट फळी सरकवावी, तिला हलका चिकट फवारा मारावा आणि शर्ट न ताणता हाताने सपाट करावा. ताणून बसवलेला शर्ट फळीवरून काढला की चौकड्या लांबट होतात. शर्टाची मधली उभी घडी इस्त्रीने पाडून ठेवली असेल तर प्लेडच्या उभ्या पट्ट्या तिच्याशी जुळवता येतात. चित्राची वरची कड कॉलरपासून 7 ते 8 सेंटिमीटर खाली यावी. फ्रेम बिजागरी क्लॅम्पमध्ये अडकवावी, म्हणजे ती उचलून पुन्हा त्याच जागी बसेल. जाळी आणि कापड यांत 2 ते 3 मिलिमीटर अंतर राहील असे तुकडे कोपऱ्यांखाली ठेवावेत.

फ्रेम वर उचललेली असतानाच शाई जाळीवर पसरून घ्यावी, मग फ्रेम खाली टेकवून स्क्विजी साधारण 60 अंशांत धरून एका दमात, सारख्या दाबाने ओढावी. मध्येच थांबले की तिथे आडवी रेघ उमटते. फ्रेम उचलून पाहावे: पहिल्या हातात पांढरे करडेच दिसते, आणि ते तसेच दिसायला हवे. दोन हातांत दाट पांढरे करावे, एका हातात नव्हे. पहिला थर हेअर ड्रायरने वरून कोरडा करावा, इतका की बोटाला लागणार नाही, आणि शर्ट फळीवरून न हलवता दुसरा हात मारावा. पहिला थर कोरडा होईपर्यंत जाळीतली शाई सुकू नये म्हणून ती पुन्हा जाळीवर पसरून ठेवावी आणि जरूर वाटल्यास पाण्याचा अगदी हलका फवारा द्यावा. तिरक्या रेघांचे भाग सर्वांत आधी बुजतात, म्हणून दुसऱ्या हाताला दाब थोडा कमी ठेवावा.

मागच्या छोट्या ओळीसाठी याच स्क्रीनच्या कोपऱ्यात जागा करून ठेवलेली असेल तर वेगळी फ्रेम लागत नाही. बाकीचे चित्र कागदाने झाकून ती ओळ छापता येते. स्क्रीन लगेच गार पाण्याने धुवावी. शाई जाळीत एकदा सुकली की ती निघत नाही.

छापलेला शर्ट एक रात्र सावलीत टांगावा. नंतर वर बटर पेपर ठेवून, वाफ बंद करून, सुती कापडाच्या तापमानावर प्रत्येक भाग तीन ते पाच मिनिटे इस्त्रीने तापवावा. इस्त्री हलती ठेवावी, एका जागी दाबून धरू नये. हीट प्रेस मिळत असेल तर शाईच्या डब्यावरचे तापमान आणि वेळ पाळावा. पक्के झाले की नाही हे कळण्यासाठी कोपऱ्यातला एक पट्टा बोटांनी ताणावा: शाईला तडे गेले तर ती अजून कच्ची आहे, आणि पुन्हा तापवावी लागेल. पहिली धुलाई तीन दिवसांनी, शर्ट उलटा करून, गार पाण्यात करावी. इस्त्री नेहमी आतल्या बाजूने करावी, आणि वाळत घालताना उन्हापेक्षा सावली बरी, कारण अशा शर्टात पांढरी शाई विटण्याआधी काळा रंग विटतो, आणि अंधार फिका पडला की भिंतीवरचा उजेडही फिका दिसू लागतो.